हंगाम संपल्यानंतरचा डाव

भाताची कापणी आटोपली, शेतातले खुंट वाळून टणक झाले, की आमच्या पनवेल तालुक्यातल्या गावांना एक वेगळाच हुरूप चढतो. दिवाळीचे कंदील उतरायच्या आत टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांचे फलक लागतात. विचुंब्यात आता शेते थोडी उरली आहेत. गाढी नदीच्या अंगाने इमारती उठल्या, आणि जिथे आमच्या लहानपणी भाताचे भारे रचलेले असत तिथे लोक गाड्या उभ्या करतात. तरीही चार शेते शिल्लक आहेत तोवर स्पर्धा होणार, ध्वनिक्षेपकावरून समालोचन होणार, आणि मांडवातल्या मोडक्या टेबलापाशी बसून धावा लिहिण्याचे काम, गेली कित्येक वर्षे आहे तसे, माझ्याकडेच राहणार!

गेल्या हिवाळ्यात ह्याच टेबलापाशी बसून मी आमच्या गावचा पराभव लिहून काढला. उपांत्य सामना होता. समोरचा संघ पैसेवाला. जमिनीचे पैसे आलेल्या एका हौशी गृहस्थाने तो उभा केला होता. अकरांतले सहा खेळाडू बाहेरचे, एकेका सामन्याचे मानधन ठरवून आणलेले. त्याचे आम्हांला काही वाटले नसते. परंतु त्या सहांतला एक गोलंदाज आमच्याच गावचा, माझ्याच वर्गात शिकलेला आणि शाळेच्या मागच्या पडीक जागेत चेंडू टाकायला शिकलेला पोरगा होता. त्याने आमचे चार गडी टिपले. मांडवातून कोणीतरी ‘गद्दार!’ म्हणून ओरडले. मी मान खाली घालून चारही बळी त्याच्या नावापुढे मांडले.

रात्री तो घरी आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, “गुरुजी, बाबांच्या रिक्षाचा हप्ता थकला होता. मी चुकलो का?”

मास्तराला प्रश्न विचारला की उत्तर आलेच पाहिजे, अशी पोरांची समजूत असते. मला उत्तर आले नाही. “जेवलास का?” एवढेच विचारून मी वेळ मारून नेली. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे, आणि ह्या दिवाळीत तो तुमच्यापुढे मांडून मोकळे व्हावे असा विचार आहे. कारण हा प्रश्न एकट्या विचुंब्याचा नाही. आपल्या देशातल्या क्रिकेटइतकाच तो जुना आहे.

*

१९३४ साली रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली. नवानगरचे जामसाहेब रणजितसिंह आदल्याच वर्षी वारले होते. त्यांच्या नावाचा हा करंडक पतियाळाच्या महाराजांनी दिला. तेव्हा साखळी सामने नव्हते. सगळी स्पर्धा बाद पद्धतीची. हरला तो घरी गेला. आज वर्षभर चालणाऱ्या स्पर्धांच्या शेवटी जो थरार असतो, तो तेव्हा पहिल्या दिवसापासून असे.

ह्या स्पर्धेत दोन तऱ्हेचे संघ उतरत. एक तऱ्हा संस्थानांची. तिथे खेळाडू निवडायचा नसे. त्याला नोकरीला ठेवायचे असे. कोणाला फौजेत कॅप्टन करावे, कोणाला दरबारी खात्यात चिकटवावे, आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडून खेळून घ्यावे. १९३६-३७ साली नवानगरने करंडक जिंकला, तेव्हा त्या संघाचा कर्णधार होता इंग्लंडातल्या ससेक्स परगण्याचा व्यावसायिक खेळाडू बर्ट वेन्सली. आणि जोडीला अमरसिंग व तरुण विनू मंकड. इंदूरच्या होळकरांनी तर फार आधीच मोहरा टिपला होता. नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडूंना तुकोजीराव होळकरांनी १९२३ साली इंदूरला बोलावून घेतले आणि आपल्या फौजेत कॅप्टन केले. नायडू पुढे भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. पण घर केले ते इंदुरात.

दुसरी तऱ्हा साध्या संघांची. पुण्याचा महाराष्ट्र संघ हा त्यांतला. त्याच्यामागे एखाद्या संस्थानाचा खजिना नव्हता. त्याचा कर्णधार होता सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा एक प्राध्यापक, दिनकर बळवंत देवधर. सकाळी विद्यार्थ्यांना काव्य समजावून सांगायचे, दुपारी मैदानावर यायचे. त्यांचा जन्म १८९२ सालचा; म्हणजे रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हाच त्यांनी चाळिशी ओलांडली होती. ज्या वयात आपल्याकडचा माणूस मुलीच्या लग्नाची काळजी करू लागतो, त्या वयात हे गृहस्थ पोरांचा एक संघ बांधायला बसले.

आणि त्यांनी तो बांधला! १९३९-४० साली महाराष्ट्राने पुण्यात संयुक्त प्रांताला दहा गड्यांनी हरवून करंडक घेतला. त्याच हंगामात पुण्यात विजय हजारेने बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक. पुढच्या वर्षी, १९४०-४१ साली, मुंबईविरुद्ध खुद्द देवधरांनी २४६ धावा ठोकल्या. वय वर्षे ४८! मग मद्रासला जाऊन, मद्रासच्याच मैदानावर, महाराष्ट्राने मद्रासला नमवले आणि करंडक दुसऱ्यांदा पुण्याला आणला. लागोपाठ दोन वर्षे. आणि कर्णधार एक मास्तर. आमच्या पेशातल्या माणसाने ही गोष्ट सांगताना थोडी मान ताठ केली, तर वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

*

इथे गोष्ट संपवली असती तर छान झाले असते. दिवाळीचा अंक, गोड शेवट. परंतु इतिहासाला फराळाची चाड नसते.

विजय हजारे हा सांगलीचा. वडील शाळामास्तर, घरात आठ भावंडे. त्याचा खेळ पाहून देवासच्या महाराजांनी त्याला आधार दिला, आणि क्लॅरी ग्रिमेटसारख्या ऑस्ट्रेलियातल्या नामांकित फिरकी गोलंदाजाकडून त्याला मार्गदर्शन मिळाले. म्हणजे महाराष्ट्राचा हा थोर फलंदाज घडला त्यातही एका राजाचा हात होताच. आणि १९४१ साली बडोद्याच्या दरबाराने त्याला बोलावले, तेव्हा तो बडोद्याला गेला. ज्या संघाविरुद्ध ३१६ केले त्याच संघाची टोपी त्याने डोक्यावर घातली. १९४२-४३ साली बडोद्याने करंडक जिंकला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारेने २८८ आणि गुल महंमदने ३१९ धावा केल्या. दोघांची भागीदारी ५७७ धावांची झाली. चौथ्या गड्यासाठी तिच्यापेक्षा मोठी भागीदारी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये अजून झालेली नाही.

एकटा हजारेच गेला असे नाही. देवधरांच्या संघातला रंगा सोहोनी पुढे बडोद्याकडून आणि मुंबईकडून खेळला. चंदू सरवटे एके काळी महाराष्ट्राकडून खेळला, मग मुंबईकडून, आणि अखेर होळकरांचा झाला. १९४६ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा हे तिघेही त्यात होते. पण तिघांनाही जाणून असणाऱ्या पुण्याच्या संघाला त्याचा उपयोग काय?

भाऊसाहेब निंबाळकरांची कथा तर प्रसिद्धच आहे. कोल्हापूरचा हा फलंदाज डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध खेळत होता. त्याच्या नाबाद ४४३ धावा झाल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक उच्चांक गाठायला नऊच धावा हव्या होत्या. महाराष्ट्राच्या ८२६ झालेल्या. काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकूरसाहेब. आपल्या संघाविरुद्ध असा उच्चांक होणे त्यांना पाहवेना. त्यांनी सामना सोडून दिला आणि संघ घेऊन चालते झाले. एका राजाच्या अब्रूपायी नऊ धावा कायमच्या राहून गेल्या. एवढा पराक्रम करूनही निंबाळकरांना एकही अधिकृत कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. पुढे तेही होळकर संघात गेले, आणि नंतर रेल्वेच्या.

आता होळकर संघाचा हिशेब पाहा. १९४४-४५ पासून १९५४-५५ पर्यंत अकरा हंगाम झाले. त्यांतल्या दहांत होळकर संघ अंतिम सामन्याला पोचला. करंडक मिळाला चार वेळा. दहापैकी सहा वेळा, इतके मोहरे गोळा करूनही, हात हलवत परतावे लागले. १९४४-४५ सालच्या अंतिम सामन्यात तर लष्करी नोकरीसाठी हिंदुस्थानात आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला. विजयासाठी ८६७ धावा हव्या होत्या. कॉम्प्टनने नाबाद २४९ काढल्या, तरी होळकर मुंबईपुढे ३७४ धावांनी हरले.

ह्यावरून ‘पैशाने करंडक मिळत नाही’ असे सुभाषित काढायचा मोह होतो. मी तो आवरतो. कारण होळकरांना हरवणारी मुंबई काही गरीब नव्हती. तिची श्रीमंती राजाची नव्हती, शहराची होती. आझाद मैदान, शिवाजी पार्क, दर पावलाला एक क्लब, पावसाळ्यात चिखलात खेळायची कांगा लीग, आणि खेळाडूला नोकरी देणाऱ्या गिरण्या, बँका, कचेऱ्या. इंदूरच्या महाराजाने जे दहाबारा माणसांसाठी केले, ते मुंबईच्या कचेऱ्यांनी शेकडोंसाठी केले. मार्च १९४९ मध्ये पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र ह्यांच्यात उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. सात दिवस, २३७६ धावा! प्रथम दर्जाच्या एका सामन्यात इतक्या धावा जगात दुसरीकडे झालेल्या नाहीत. महाराष्ट्राने दोन डावांत हजारावर धावा काढल्या आणि तरी साडेतीनशे धावांनी हरला. साध्या संघाने जीव ओतून खेळावे आणि श्रीमंताने त्याच्यावर ताण करावी, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

संस्थाने विलीन झाली. होळकर संघ १९५५ नंतर नावालाही उरला नाही. मुंबईने मात्र १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे करंडक कोणाला शिवू दिला नाही. आणि देवधरांच्या महाराष्ट्राला ते दोन करंडक मिळाले, तेवढेच. त्यानंतर अंतिम सामन्यापर्यंत मजल गेली, पण २०२५ सालापर्यंत तिसरा करंडक पुण्याला आलेला नाही.

*

हे दुखणे आपल्याच मातीतले आहे असे समजू नका. साता समुद्रापलीकडे अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. दांडूने चेंडू टोलवायचा आणि चार तळांना फेरी घालून परत यायचे. तिथे प्रत्येक संघ वर्षाला १६२ सामने खेळतो आणि अखेरीस मोजक्या संघांची बाद फेरी होते. न्यूयॉर्कचा यांकीज हा तिथला गडगंज संघ, आणि २०२४ सालापर्यंत ओकलंडचा असलेला ॲथलेटिक्स हा बेताचा. २००१ सालच्या बाद फेरीत दोघांची गाठ पडली. पाचांपैकी तीन सामने जिंकायचे होते. ओकलंडने पहिले दोन जिंकले आणि पुढचे तीन गमावले. पण खरा घाव नंतर बसला. हंगाम संपल्यावर ओकलंडचा सर्वांत मोठा फलंदाज जेसन जिआंबी ह्याला यांकीजने सात वर्षांसाठी बारा कोटी डॉलर देऊन उचलले. ज्याने हरवले त्यानेच घरातला कमावता माणूसही नेला!

पुढच्या वर्षी, २००२ साली, यांकीजचा खेळाडूंवरचा खर्च सुमारे साडेबारा कोटी डॉलर होता आणि ओकलंडचा सुमारे चार कोटी. ओकलंडच्या कारभाऱ्यांनी दुसऱ्यांनी टाकून दिलेले खेळाडू आकडेमोड करून निवडले. हंगामअखेर दोघांचेही विजय भरले १०३. आणि गंमत अशी, की बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात दोघेही हरले. थोड्या सामन्यांत दैव श्रीमंतालाही ओळखत नाही आणि गरिबालाही.

दैव गरिबाला कधी ओळखतच नाही असे मात्र नाही. आमच्या पनवेलहून हार्बर गाडीने गेले की नेरूळ लागते. तिथल्या डी. वाय. पाटील मैदानावर १ जून २००८ रोजी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना झाला. त्या स्पर्धेचे आठ संघ लिलावाने विकले गेले होते. मुंबईचा सर्वांत महाग, ११ कोटी १९ लाख डॉलरचा. जयपूरचा राजस्थान रॉयल्स सर्वांत स्वस्त, ६ कोटी ७० लाखांचा. तो सर्वांत स्वस्त संघ अंतिम सामन्यात चेन्नईपुढे उभा राहिला आणि अखेरच्या चेंडूवर तीन गडी राखून जिंकला. कर्णधार शेन वॉर्न. आणि सलामीला गोव्याचा स्वप्नील अस्नोडकर, ज्याचे नाव स्पर्धेपूर्वी गोव्याबाहेर फार थोड्यांना ठाऊक होते.

तेव्हा अशी माणसे जिंकतात. पण एकदा जिंकणे सोपे. जिंकल्यावर घर राखणे अवघड. इतकी वर्षे ही प्रकरणे चाळल्यावर मला एवढेच उमगले आहे, की श्रीमंत संघ साध्या संघाला मैदानात हरवतो ती गोष्ट किरकोळ. खरा सामना हंगाम संपल्यानंतर होतो. त्यात चेंडू नसतो, फळी नसते. एक माणूस दुसऱ्याच्या दारात जातो आणि त्याच्या थकलेल्या हप्त्याची चौकशी करतो. हा डाव साधा संघ कधीच जिंकत नाही.

मग साध्या संघाच्या हाती काय राहते? ह्याचे उत्तर मला नागपुराने दिले. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत खेळतो. साठ वर्षे त्याला कोणी मोजले नाही. मग नागपुरात पोरांना लहानपणापासून शिकवणारी अकादमी उभी राहिली. मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, वसीम जाफरसारखा मुरलेला मुंबईकर फलंदाज सोबतीला आला. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात विदर्भाने बलाढ्य कर्नाटकाला कोलकात्यात अवघ्या पाच धावांनी हरवले. आणि अंतिम सामन्यात दिल्लीला नमवून, १ जानेवारी २०१८ रोजी, पहिला करंडक घेतला. कुठे? इंदुरात, होळकरांचे नाव धारण करणाऱ्या मैदानावर! ज्या इंदूरने पंचाण्णव वर्षांपूर्वी नागपूरचा नायडू नेला, तिथूनच नागपूरने करंडक आणला. पुढच्या वर्षी पुन्हा आणला, आणि २०२४-२५ साली तिसऱ्यांदा. त्या वर्षी तर उपांत्य सामन्यात खुद्द मुंबईला घरी पाठवले.

विदर्भाचे नशीब फळफळले असे कोणी म्हणेल. मी म्हणतो, त्यांनी पेरणी केली. नेलेला खेळाडू परत येत नसतो. दुसरा घडवता येतो. श्रीमंताला माणूस विकत घेता येतो, पण तो आधी कोणीतरी कुठल्यातरी पडीक जागेत घडवलेला असावा लागतो. देवधर हेच करत राहिले. हजारे गेल्यावरही ते खेळत आणि खेळवत राहिले. १९४४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके केली. संस्थानाच्या संघाविरुद्ध, बरे का!

*

आता त्या पोराचा प्रश्न. हजारेला आपण गद्दार म्हणतो का? नाही. शाळामास्तराच्या आठ मुलांतल्या एकाने बडोद्याची भाकरी पत्करली म्हणून सांगलीने त्याचे नाव टाकले नाही. नायडूंचा नागपूरला अभिमानच आहे. मग रिक्षावाल्याच्या मुलाने एका हप्त्यासाठी चार चेंडू दुसऱ्याच्या बाजूने टाकले, तर त्याच्यासाठी वेगळा कायदा का? राजाने नेले की मान, आणि गल्लीतल्या धनिकाने नेले की गद्दारी, हा कसला न्याय?

गणपतीनंतर मी त्याला बोलावून हे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले. हजारेचे नाव त्याने ऐकले होते, निंबाळकरांचे नव्हते. नऊ धावांची गोष्ट त्याला फार लागली. मी म्हटले, “तू चुकला नाहीस. पण तू गेलास तेव्हा आमची एक जागा रिकामी झाली. ती भरायची कोणी?”

तो काही बोलला नाही. ह्या हंगामातही तो त्याच संघाकडून खेळणार आहे. रिक्षाचे हप्ते अजून संपायचे आहेत. परंतु दसऱ्यापासून संध्याकाळी शाळेच्या मागे चेंडू आपटल्याचा आवाज येतो. पाचवी-सहावीची सातआठ पोरे असतात, आणि मनगट कसे वळवायचे ते त्यांना दाखवत तो उभा असतो. उजेड जाईपर्यंत चालते. मग मी खिडकीतून ओरडतो, “अरे, पोरांना घरी सोड, अभ्यास आहे त्यांचा!”

“शेवटचा चेंडू, गुरुजी!” तो म्हणतो, आणि आणखी चारपाच टाकून घेतो.